जडभरताचे भाऊ



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, पाचवा स्कंध, अध्याय ९ आणि १०. जडभरताची कथा.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात उजळणी करू. भरत राजा राज्य सोडून तपाला गेला. तिथे हरणाच्या एका पाडसात त्याचा जीव गुंतला, मरताना त्याचाच ध्यास राहिला, म्हणून पुढचा जन्म हरणाचा मिळाला. त्यानंतर आंगिरस कुळातल्या एका ब्राह्मणाच्या घरी तो जन्माला आला. मागचं सगळं आठवत होतं. पुन्हा कुठे गुंतायचं नव्हतं. म्हणून तो वेड्यासारखा, मंद, बहिरा असल्यासारखा राहू लागला आणि लोक त्याला जड म्हणू लागले. पुढे सिंधुसौवीरचा राजा रहूगण पालखीतून चालला असताना एक भोई कमी पडला. वाटेत हा धट्टाकट्टा माणूस दिसला, त्याला पालखीला जुंपलं. पायाखाली जीवजंतू येऊ नये म्हणून हा पुढची जमीन बघून पाऊल टाकायचा, त्यामुळे पालखी हेलकावे खायची. राजाने टोमणे मारले, मग धमकावलं. तेव्हा भरत बोलला, आणि राजाला आत्मज्ञानाचा उपदेश मिळाला.

सप्ताहात बहुतेक वेळा रंग भरतो तो या पालखीच्या प्रसंगापासून, आणि ते साहजिक आहे. पण आज मी नवव्या अध्यायातच थांबलो. कारण नवव्या अध्यायात तत्त्वज्ञान कमी आणि एक घर जास्त आहे. शिकत नसलेला एक मुलगा, त्याला शिकवणारे वडील, आई, आणि शिकलेसवरलेले भाऊ. ज्यांच्या घरात बौद्धिक अक्षमता असलेलं मूल आहे त्यांनी हा अध्याय वाचला, तर त्यांना आपलंच घर दिसेल.

नेहमीचा बोध आणि त्यातली अडचण

या कथेचा नेहमी सांगितला जाणारा बोध असा: दिसण्यावर जाऊ नका. ज्याला तुम्ही मंद समजता तो आतून ज्ञानी असू शकतो. राजाने ज्याला भोई समजून हिणवलं तो निघाला महात्मा.

आता एक साधा प्रश्न विचारतो. तो महात्मा निघाला नसता तर?

समजा तो मुलगा खरोखरच मंद होता. गतजन्मीची आठवण नाही, आत लपलेलं ज्ञान नाही. चार शब्द कसेबसे बोलणारा, दहापर्यंत मोजता न येणारा एक माणूस. मग त्याला दिलेली वागणूक योग्य ठरली असती का? राजाचे टोमणे चालले असते का?

आपण सगळे लगेच म्हणू, नाही, तरीही ते चूकच. मग याचा अर्थ असा, की त्या माणसाचा मान त्याच्या लपलेल्या ज्ञानावर अवलंबून नव्हताच. ज्ञान नंतर उघड झालं, पण अपमान तर आधीच झाला होता.

आपल्याला पुरावा आवडतो, ही अडचण आहे. पैठणच्या कथेत ज्ञानोबांनी सांगितलं की सगळ्यांत एकच आत्मा आहे, आणि लोक म्हणाले, मग या रेड्याकडून वेद म्हणवून दाखव. रेडा बोलला तेव्हा लोकांनी मानलं. पण तत्त्व खरं असेल तर ते रेडा बोलण्याच्या आधीही खरंच होतं. मुक्या रेड्याच्या पाठीवरचा आसूडसुद्धा चूकच होता.

आजही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाबद्दल आपण असेच पुरावे शोधतो. "त्याची मेमरी जबरदस्त आहे हं." "ही पेंटिंग किती छान करते." असेल तर आनंदच आहे. पण ज्याच्याकडे असं काहीच नाही, जो १६व्या वर्षीही स्वतः शर्टाची बटणं लावू शकत नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे कोणतं वाक्य आहे?

बुद्धी कोणत्या खात्यात?

इथे गीता मदतीला येते. सातव्या अध्यायात भगवंत आपली अष्टधा प्रकृती सांगतात. पृथ्वी, जल, अग्नी, वायू, आकाश, आणि त्याच यादीत मन, बुद्धी, अहंकार. तेराव्या अध्यायातही बुद्धी क्षेत्रात मोजली आहे, क्षेत्रज्ञात नाही. म्हणजे बुद्धी आपल्या शास्त्रात माती आणि पाण्याच्या रांगेत बसते. ती मिळालेली वस्तू आहे, आपण स्वतः नाही.

हे वाचताना माझ्यासारख्याला जरा घाम फुटतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमचं सगळं जग बुद्धीच्या भावावर चालतं. एन्ट्रन्सचा रँक, इंटरव्ह्यूतलं कोडं, प्रमोशन, सगळं. शाळेपासून एकच मोजमाप पाहिलं की हळूहळू वाटायला लागतं, हेच माणसाचं मोजमाप. शरीराचा जाड-बारीकपणा आत्म्याला लागत नाही, हे जडभरत रहूगणाला सांगतो तेव्हा आपण मान डोलावतो. पण तोच नियम बुद्धीला लावायचा म्हटलं की अडखळतो. उंची कमी असलेल्याला आपण कमी आत्म्याचा म्हणत नाही. बुद्ध्यंक कमी असलेल्याशी मात्र तसं वागतो. तोंडाने म्हणत नाही, इतकंच.

एक फरक इथेच स्पष्ट करतो, कारण चांगल्या शिकलेल्या लोकांचाही यात घोळ होतो. बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नाही. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया हे आजार आहेत, ते कोणत्याही वयात होऊ शकतात आणि त्यांवर उपचार असतात. बौद्धिक अक्षमता ही वाढीच्या वयातच दिसते. शिकण्याची, समजून घेण्याची गती आणि मर्यादा वेगळी असते, आणि रोजच्या जगण्यातली कौशल्यं, म्हणजे कपडे, आंघोळ, पैसे, रस्ता ओलांडणं, यांत आधार लागतो. ती औषधाने "बरी" होत नाही, पण योग्य शिकवण्याने आयुष्य खूप बदलतं. पूर्वी सरसकट वापरला जाणारा "मतिमंद" हा शब्द आता मागे पडतोय, ते बरंच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अक्षमता आहेत, त्यांत बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम दोन्ही येतात.

"प्रारब्ध आहे हो"

आता खरा अवघड मुद्दा. आपल्या भक्तमंडळींत अशा घराबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य: "काय करणार, प्रारब्ध." कधी मुलाचं, कधी आईबापांचं. कुणी थोडं मऊ करून म्हणतं, "मागच्या जन्मीचं काही देणं असेल."

कुणी म्हणेल, अहो पण तुमच्या कथेतच हे आहे. भरताला हे जन्म मागच्या आसक्तीमुळेच मिळाले ना?

बरोबर. भागवत कर्मसिद्धांत मानतं, मीही मानतो. पण कथेत तो कोण कुणाबद्दल सांगतंय ते नीट पाहा. भरताला स्वतःच्या मागच्या जन्माची आठवण आहे, आणि तो स्वतःच्या जगण्याचा अर्थ त्यातून लावतो. त्याच्या भावांना यातलं काहीही माहीत नाही. शेजाऱ्यांनाही नाही. प्रारब्ध हा शब्द माणसाने स्वतःच्या दुःखाकडे बघताना वापरायचा आहे. तिथे तो बळ देतो, तक्रार शांत करतो. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून तोच शब्द वापरला की तो हात झटकायच्या कामी येतो.

आणि कथेतच याचा निकाल आहे. शेतात रात्री राखण करत बसलेल्या भरताला चोरांच्या सरदाराची माणसं धरून नेतात. सरदाराला मूल हवं असतं, म्हणून भद्रकालीला नरबळी द्यायचा असतो. आता "त्याचं प्रारब्ध" हे उत्तर पुरेसं असतं तर देवीने बळी स्वीकारायला हरकत नव्हती. मागच्या जन्मीचं कर्म, आता फळ. पण तसं होत नाही. देवी मूर्ती फोडून बाहेर येते आणि त्याच तलवारीने त्या लोकांचा नाश करते. त्याचं प्रारब्ध काहीही असो, तुम्ही त्याच्याशी काय करता याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल, असं इथे भागवत सांगतं.

दुसरं एक गोड वाक्य असतं. "देवाने खास तुम्हालाच निवडलं, कारण तुमच्यातच ती ताकद आहे." ऐकायला छान. पण एका आईने मला सांगितलेलं उत्तर विसरता येत नाही. ती म्हणाली, "भाऊ, असं म्हणणारे सगळे ते वाक्य बोलून आपल्या घरी जातात." ताकद तुमच्यात आहे म्हटलं की आपली लागत नाही.

वडिलांचे चार महिने

आता घरात जाऊ. भरताच्या वडिलांचं या मुलावर फार प्रेम होतं. त्यांनी त्याचे सगळे संस्कार केले. वसंत आणि ग्रीष्माचे चार महिने ते त्याला गायत्री शिकवत होते. जमली नाही. तरी त्यांनी सोडलं नाही. आपला मुलगा शिकला पाहिजे ही इच्छा तशीच मनात ठेवून ते गेले. मग आईने आपली जुळी मुलं, हा मुलगा आणि त्याची बहीण, सवतीच्या हवाली केली आणि तीही नवऱ्यामागे गेली.

हे दोन-चार श्लोकांत येऊन जातं. पण अशा प्रत्येक घरात रात्री दिवा मालवल्यावर जो प्रश्न असतो तो हाच आहे: आमच्यानंतर काय?

या प्रश्नाचं पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही, पण काही पायऱ्या आहेत आणि त्या माहीत असायला हव्यात. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते प्रौढ होतं आणि आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमायची सोय आहे. त्यासाठी जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्याच न्यासाची "निरामय" ही आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि थेरपीचा खर्चही त्यात धरते. केंद्राचं यूडीआयडी कार्ड असलं की बरीच दारं उघडतात. २०१६ च्या कायद्याने अशा मुलांना ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. तीव्र अक्षमता असेल तर घरीच शिक्षण मिळण्याचाही हक्क आहे.

हे सगळं कागदावर आहे. पण फॉर्म, रांगा, सर्टिफिकेट, पुन्हा रांगा, हे करणार कोण? जी आई मुलाला दहा मिनिटं एकटं सोडू शकत नाही ती जिल्हाधिकारी कार्यालयात तीन तास बसणार कशी?

आणि शिकवण्याचं काय? भरताच्या वडिलांचं प्रेम खरं होतं, पण मोजपट्टी एकच होती: पूर्ण मंत्र आला की नाही आला. आज विशेष शिक्षक वेगळी पद्धत वापरतात. एक काम घ्यायचं आणि त्याचे बारीक तुकडे करायचे. टी-शर्ट घालणं हे आपल्याला एक काम वाटतं. प्रत्यक्षात ती सहा-सात कामं आहेत. पुढची बाजू ओळखणं, डोकं घालणं, एक हात, दुसरा हात, खाली ओढणं. बऱ्याचदा शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. बाकी सगळं आपण करायचं आणि शेवटचं खाली ओढणं फक्त त्याला करू द्यायचं. म्हणजे प्रत्येक वेळी काम पूर्ण केल्याचा आनंद त्याचा. ते पक्कं झालं की त्याच्या आधीची पायरी. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज या गावी १९६९ मध्ये सुरू झालेला एक प्रकल्प याच दिशेने गेला. शिक्षक आठवड्यातून एकदा घरी येणार, आईवडिलांना एखादी छोटी गोष्ट कशी शिकवायची ते दाखवणार आणि उरलेले दिवस घरचेच ती शिकवणार.

मला यात नामस्मरणाची शिस्त दिसते. रोज तेच, त्याच क्रमाने, न कंटाळता, आणि फळाची तारीख न ठरवता.

भावांचं नेमकं काय चुकलं?

वडील गेल्यावर भावांनी काय केलं? भागवत सांगतं की ते वेदविद्या शिकलेले होते. त्यांनी त्याला मारून टाकलं नाही, घराबाहेर काढलं नाही. त्यांनी फक्त शिकवणं थांबवलं. शेतीच्या कामाला लावलं. कण्या, पेंड, कोंडा, किडकं धान्य, भांड्याला लागलेली खरपुडी, असं जे उरेल ते खायला दिलं. आणि रात्री राखणीला एकट्याला शेतात बसवलं.

आजच्या भाषेत म्हणायचं तर, "सांभाळत होते की."

आणि चोरांनी त्याला उचललं ते त्याच शेतातून, त्याच रात्री, तो एकटा असताना. त्याला शोधायला कुणी निघाल्याचं मला तरी कथेत दिसलं नाही. भावांना काही शिक्षाही होत नाही, ते कथेतून नुसते निघून जातात. मला हे फार खरं वाटतं. अशा घरापासून लांब राहिलेल्या नातेवाइकांना काहीही होत नाही. त्यांचे व्रतवैकल्य, वारी, सप्ताह सगळं नीट चालू राहतं.

ते भाऊ म्हणजे कोण? काका, मामा, शेजारी, भजनी मंडळ, सत्संगाचा ग्रुप. म्हणजे आपण.

आमच्या सोसायटीत एक कुटुंब आहे. त्यांना विचारून लिहितोय आणि ओळख पटेल असं काही लिहीत नाही. मुलगा १५ वर्षांचा, डाउन सिंड्रोम आहे. त्याला लिफ्टची बटणं दाबायला आवडतं आणि कोण कितव्या मजल्यावर राहतं हे त्याला आमच्या सेक्रेटरींपेक्षा चांगलं माहीत आहे. कुकरची शिट्टी झाली की तो कान घट्ट धरतो. रात्री कधीकधी उठून दाराची कडी काढतो, म्हणून त्याच्या आईची झोप इतकी सावध झालीय की पंख्याचा आवाज बदलला तरी ती जागी होते. वहिनींनी नोकरी कधीच सोडली. एकदा सहज विचारलं, शेवटचं लग्नाला पूर्ण वेळ कधी बसलात? त्यांना आठवेना.

आमच्या क्षेत्रात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. एक सर्व्हर पडला की सगळी यंत्रणा बंद. कुठलीही शहाणी टीम अशी रचना चालवून घेत नाही. रात्रीच्या ऑन-कॉल ड्युटीलाही आम्ही पाळ्या लावतो, कारण एकच माणूस रोज रात्री जागा राहिला तर तो कोसळणार हे सगळ्यांना कळतं. पण तेच आपण त्या आईकडून १५ वर्षं अपेक्षित धरतो आणि वर तिला "देवी" म्हणतो.

आपल्या परंपरेत यासाठी फार चांगला शब्द आहे: खांदेपालट. पालखी कितीही प्रिय असली तरी भोयांचा खांदा बदलावा लागतो. वारीत पालखीला विसावे असतात, ते उगाच नाहीत. पालखी खाली ठेवायची म्हणजे तिच्यावरचं प्रेम कमी झालं असं कुणी म्हणत नाही. या आईवडिलांना हवा असतो तो विसावा, आणि तो मिळायला दुसरा खांदा लागतो.

मग करायचं काय? मोठं काही नाही, पण ठरलेलं हवं. "काही लागलं तर सांगा" या वाक्याचा उपयोग शून्य आहे, कारण कुणीही सांगत नाही. त्यापेक्षा "दर शनिवारी ५ ते ७ मी येतो" हे हजारपट बरं. मी तेच करतो. पहिले तीन-चार शनिवार वहिनी घरातच असायच्या, बरोबरच आहे, विश्वास बसायला वेळ लागतो. आता त्या दोन तासांत त्या खाली बाकावर एकट्या नुसत्या बसतात. मी आणि तो रुमालांच्या घड्या घालतो. घडी वाकडी येते. कुणाचं काही बिघडत नाही.

आणखी काही गोष्टी, ज्या त्याच्या आईबाबांकडूनच शिकलो. त्याच्याबद्दल त्याच्यासमोर दुसऱ्याशी बोलू नका, त्याच्याशीच बोला, उत्तराला वेळ द्या. १५ वर्षांच्या मुलाशी तीन वर्षांच्या बाळासारखं बोबडं बोलू नका. त्याच्या बहिणीकडेही लक्ष द्या, तिच्या परीक्षेची चौकशी करा. अशा घरातल्या भावंडांना कुणी काही विचारतच नाही. कुठला बाबा, कुठलं तोडगं, कुठलं तेल, हे सुचवणं बंद करा, ते सगळं त्यांनी तुमच्या आधी ऐकलेलं असतं. आणि आरतीला बोलवा. ढोल-ताशाचा त्रास होत असेल तर कडेची जागा ठेवा, घंटा वाजवायला द्या. तो मध्येच ओरडला तर मागे वळून बघू नका. गणपतीला काही फरक पडत नाही, आपल्यालाच पडतो.

हार घातलेला भरत

शेवटी एक इशारा, मला स्वतःला आणि तुम्हालाही.

चोरांच्या सरदाराने भरताला बळी द्यायच्या आधी काय केलं? त्याला आंघोळ घातली, नवं वस्त्र दिलं, गंध लावलं, हार घातले, पोटभर जेवू घातलं. भावांनी कधी दिलं नाही ते सगळं त्या रात्री चोरांनी दिलं. पूजासुद्धा विधिपूर्वक झाली. दोष एवढाच, की या सगळ्यात भरत कुठेच नव्हता. होता तो सरदार आणि त्याचा नवस.

तुलना टोकाची आहे, मान्य. पण वाढदिवसाला विशेष मुलांच्या संस्थेत जायचं, केक कापायचा, मुलांना मधे घेऊन फोटो काढायचे, स्टेटसला "धन्य झालो" टाकायचं आणि पुन्हा वर्षभर तोंड दाखवायचं नाही, यात ती मुलं कुठे असतात? आपलं पुण्य, आपलं समाधान, आपला फोटो. सेवा ज्याची करतो त्याचं नाव, त्याची आवड, त्याची भीती आपल्याला माहीत नसेल तर आपण त्याला साधन केलं आहे. हार घातला म्हणजे मान दिला असं होत नाही.

मग कुणी विचारेल, सेवा करताना मनात थोडा स्वार्थ असणारच, म्हणून करायचीच नाही का? करायची. मन शुद्ध होईपर्यंत थांबलो तर शनिवार कधीच उजाडायचा नाही. फक्त मोजमाप बदलायचं. "मला किती बरं वाटलं" हे विचारायचं नाही. "त्या घरावरचं ओझं आज किती हललं" हे विचारायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपण स्वतःच देतो. दुसऱ्याचं उत्तर ती आई देते, आणि ती खोटं सांगत नाही.

एवढ्याने सरकारची जबाबदारी संपत नाही. प्रौढ झालेल्या मुलांसाठी दिवसभराची केंद्रं, राहण्याची सोय, प्रशिक्षित माणसं, हे सगळं मोठ्या प्रमाणावर हवंच आणि ते मागितलंच पाहिजे. पण मागणाऱ्या आवाजात फक्त आईवडील असतील तर तो आवाज क्षीण राहतो. मुंबईत जय वकील शाळा १९४४ मध्ये सुरू झाली, ती आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी तिच्या आईवडिलांनी सुरू केली. आईवडिलांनी खूप केलं आहे. आता भावांची पाळी आहे.

रहूगणाचं मला एक आवडतं. भरताचं पहिलं उत्तर ऐकल्यावर त्याने आधी सगळं वेदान्त समजून घेतलं आणि मग मान दिला, असं झालं नाही. तो आधी पालखीतून खाली उतरला. प्रश्न त्याने नंतर विचारले. ज्ञान यायला पुढचे अध्याय लागले, पण खांद्यावरचं वजन मात्र त्याच क्षणी कमी झालं.

आजची साधना: आपल्या ओळखीत, नात्यात, सोसायटीत असं एक घर आठवा. असतंच. आज त्यांना फोन करा. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका. एक वार आणि एक वेळ सांगा, आणि त्या वेळेला जा.

राम कृष्ण हरी.